ग्रिफिथ प्रकल्प : लॅबच्या वहीतून

३ डिसेंबर

विषय एकदाचा फायनल झाला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमच्या मेकॅनिकलकडून दरवर्षी ठरलेलं असतं, सिरिंजवर चालणारा जेसीबी, सोलर कुकर आणि कोपऱ्यात एक थर्माकोलचं विमान ज्याच्यातलं काहीच हलत नाही. ह्या वर्षी थर्ड इयरच्या पोरांना म्हटलं विमानच घ्या पण उडणारं नको, विमान तुटू नये आणि इंजिन चालावं म्हणून सुरुवातीच्या लोकांनी लॅबमध्ये काय काय केलं ते दाखवू. सगळ्यांना वाटलं राईट बंधू. ते सगळेच करतात. मी ए. ए. ग्रिफिथ म्हटल्यावर शांतता, मग एक जण हळूच म्हणाली "मॅडम, तो क्रॅकवाला ना?"

हो, तोच, तडे कसे वाढतात ते सांगणारा क्रॅकवाला. पण ह्याच माणसाने १९२६ साली जेटच्या कंप्रेसरचं (हवा दाबणाऱ्या भागाचं) गणित मांडलं आणि त्याच्याही आधी साबणाच्या पडद्यावर शाफ्टमधले (फिरत्या दांड्यातले) स्ट्रेस, म्हणजे आतले ताण, मोजले, हे आमच्या सिलॅबसमध्ये तीन वेगवेगळ्या सेमिस्टरला तीन वेगवेगळ्या विषयांत येतं (साबणवालं तर येतच नाही, सोडून देतात). म्हणून तीन टेबलं मांडायची : साबण, काच, पाती. तिन्हीकडे त्याला सतावणारा प्रश्न मला तरी एकच दिसतो, सरासरी आकडा ठीक असताना वस्तू दगा का देते. आणि तिन्हीकडे उत्तर कुठल्यातरी बारक्या जागेत सापडतं.

९ डिसेंबर

आज नुसती बैठक, पोरांना पार्श्वभूमी सांगितली. ग्रिफिथ १८९३ चा, लिव्हरपूल युनिव्हर्सिटीचा मेकॅनिकल इंजिनियर, १९१५ मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत, म्हणजे सरकारी विमान-संशोधन केंद्रात, लागला. १९१८ ला तिचं नाव रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट झालं, कारण रॉयल एअर फोर्स निघाली आणि दोघांचं शॉर्टफॉर्म आरएएफच व्हायला लागलं. युद्धाच्या काळात तिथे जमलेली मंडळी बघितली की चक्कर येते, जी. आय. टेलर, ॲस्टन (१९२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल), जी. पी. थॉमसन (१९३७ चं फिजिक्सचं नोबेल), लिंडेमन ज्याने विमान स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली पडण्यात) घालून परत बाहेर काढण्याच्या चाचण्या स्वतः उडवून केल्या. टेलर पण विमान चालवायला शिकला होता. म्हणजे इंजिनवाले वेगळे, मटेरियलवाले वेगळे, हवेवाले वेगळे असं तेव्हा कोणी मानत नव्हतं, विमान मोडून पडलं की सगळ्यांनीच डोकं खाजवायचं.

एका पोराचा प्रश्न चांगला होता, तेव्हा विमानं लाकडाची आणि कापडाची ना, मग स्ट्रेसचं एवढं काय. मी म्हटलं लाकडाची म्हणूनच. लाकडी स्पार (पंखातला मुख्य दांडा) आय सेक्शनचा, म्हणजे आडवा कापला तर इंग्रजी I दिसेल असा, प्रोपेलरचं पातं कुठल्याच पाठ्यपुस्तकातल्या आकाराचं नाही, आणि दोन्हींना पीळ बसतो. पिळाचं गणित गोल, लंबगोल, चौकोन असल्या मोजक्या आकारांनाच सुटत होतं. आज आपण सॉफ्टवेअरमध्ये मेश टाकतो (वस्तूचे बारीक तुकडे पाडून हिशोब त्यालाच करू देतो) आणि चहाला जातो, तेव्हा तो मार्ग नव्हता.

१७ डिसेंबर

साबणाचं टेबल सुरू. आधी आयडिया नीट लिहून ठेवते म्हणजे पोस्टरवाल्यांना इथूनच उतरवता येईल.

जर्मन शास्त्रज्ञ प्रांट्लने १९०३ मध्ये दाखवलं की पीळ बसलेल्या दांड्यातल्या स्ट्रेसचं समीकरण आणि कमी दाबाने किंचित फुगलेल्या पातळ पडद्याचं समीकरण हुबेहूब एकच आहे. म्हणजे शाफ्टचा जो सेक्शन असेल त्या आकाराचं भोक पत्र्यात कापायचं, त्यावर साबणाचा पडदा धरायचा, खालून थोडी हवा द्यायची. पडद्याचा उतार जिथे जास्त तिथे शिअर स्ट्रेस (थर एकमेकांवर सरकवणारा ताण) जास्त, आणि फुगवट्याखाली जेवढं घनफळ त्या प्रमाणात तो दांडा टॉर्क (पिळाचा जोर) घेणार. टेलर आणि ग्रिफिथने १९१७ मध्ये ह्याची खरीखुरी मोजायची पद्धत बनवली. त्यातली युक्ती मला फार आवडते, त्याच पत्र्यात बाजूला एक गोल भोक पण ठेवायचं. गोलाचं उत्तर गणिताने माहीतच असतं, दोन्ही पडद्यांना दाब तोच आणि साबणही तोच, म्हणून दाब किती आणि साबणाचा ताण किती हे मोजायची कटकटच संपली, नुसती तुलना करायची.

वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमचा पत्रा मिळाला. चार आकार ठरवले : चौकोन, एल, कीवे (चावी बसवायची खाच) असलेला गोल शाफ्ट, आणि प्रोपेलरच्या पात्याचा सेक्शन. प्रत्येकाच्या शेजारी गोल. वर्कशॉपवाले काका विचारत होते की कीवेचे कोपरे एवढे शार्प कशाला पाहिजेत, आम्ही तर जॉबवर नेहमी थोडी गोलाई ठेवतो. म्हटलं काका तेच तर दाखवायचंय, एकात शार्प ठेवा आणि एकात तुमची गोलाई. काका खूश.

२२ डिसेंबर

पडदा टिकायला लागला. भांड्यांचं लिक्विड, डिस्टिल्ड वॉटर आणि बऱ्यापैकी ग्लिसरीन, एक दिवस झाकून ठेवलेलं. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी त्यात बुडवून भोकावरून ओढली की पडदा बसतो. पंखा बंद, खिडकी बंद, आणि कोणी जवळ जोरात हसायचं नाही (हे शेवटचं अवघड). हवा अगदी थोडी द्यायची कारण समीकरणातलं साम्य उतार कमी असेपर्यंतच चालतं, पोरांना मोठा फुगा बघायचा असतो पण फुगा झाला की गणित गेलं.

लेझर पॉइंटर पडद्यावर मारून परावर्तित ठिपका भिंतीवर बघायचा, ठिपका जेवढा सरकला तेवढा उतार. चौकोनात बाहेरच्या कोपऱ्याजवळ ठिपका जवळजवळ हलतच नाही, कारण दोन्ही कडांनी धरल्यामुळे पडदा तिथे सपाटच राहतो. पोरांचा अंदाज उलटा होता, कोपरा म्हणजे सगळ्यात जास्त ताण. चौकोनी दांड्याला पीळ दिला की जास्तीत जास्त स्ट्रेस बाजूच्या मध्यावर आणि बाहेरच्या कोपऱ्यात शून्य, हे आम्ही परीक्षेत डेरिव्हेशनसकट लिहितो आणि तरी कोणाच्या मनात बसत नाही. आज बसलं.

मग कीवे. आतल्या शार्प कोपऱ्यापाशी पडदा एकदम खडा होतो, ठिपका भिंतीवरून उडी मारून छताकडे. काकांच्या गोलाईवाल्या भोकात तोच ठिपका बराच शहाण्यासारखा वागतो. काकांना मुद्दाम बोलावून दाखवलं, ते म्हणाले "आमचे वस्ताद हे न शिकता सांगायचे". खरंय, पण किती गोलाई पुरे हे वस्ताद सांगू शकत नव्हते, ते टेलर-ग्रिफिथच्या पडद्याने सांगितलं. प्रोपेलर शाफ्टचं वजन वाढवायचं नसेल तर हा "किती" महत्त्वाचा असतो.

ह्या कामामुळे ग्रिफिथला तिथले लोक बबल्स म्हणायला लागले. आमच्या पोरांनीही लगेच उचललं, आता टेबल नंबर १ चं नाव बबल्स काउंटर.

५ जानेवारी

प्रांट्लचं नाव पोस्टरवर आहेच तर त्याखाली एक ओळ वाढवली. आपल्या कोल्हापूरकडचे, गडहिंग्लज भागातले डॉ. विष्णू माधव घाटगे हे गॉटिंगेनला ह्याच प्रांट्लचे विद्यार्थी, १९३६ ला पीएचडी. पुढे बंगलोरला एचएएलमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे ट्रेनर विमान डिझाईन झालं, ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. गडहिंग्लजची एक पोरगी आमच्या बॅचला आहे, तिलाही हे माहीत नव्हतं. आता पोस्टर तीच करतेय आणि घाटग्यांचा फोटो प्रांट्लच्या फोटोएवढाच मोठा हवा म्हणून अडून बसलीय. देऊन टाकला.

११ जानेवारी

काचेचं टेबल. इथे मला जरा जास्त वेळ द्यायचाय कारण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच, जेट-बिट सगळं नंतर.

प्रश्न असा होता. इंजिनाचे आणि विमानाचे धातूचे भाग, ज्यांच्यावर लोड उलटसुलट येत राहतो, त्यांची ताकद पृष्ठभाग कसा आहे ह्यावर फार अवलंबून असते, कानस मारलेला भाग लवकर जातो आणि पॉलिश केलेला टिकतो. ओरखड्यापाशी स्ट्रेस वाढतो हे तर माहीत होतं. इंग्लिसने १९१३ मध्ये जहाजांच्या प्लेटांसाठी लंबगोल भोकाचं गणित करून ठेवलं होतं, गोल भोकापाशी स्ट्रेस तिप्पट, आणि लंबगोल ताणाला आडवा असून रुंदीच्या दहापट लांब असेल तर एकवीस पट. पण त्या सूत्रात फक्त आकार येतो, माप येतच नाही! म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा ओरखडा आणि बोटभर खाच, आकार सारखा असेल तर धोका सारखाच असं निघतं. तसं असतं तर पॉलिशचा काही उपयोगच नसता, कारण बारीक ओरखडे कितीही घासले तरी उरतातच. वर्कशॉपमधला कोणीही सांगेल की हे खोटं आहे.

ग्रिफिथने स्ट्रेस बाजूला ठेवून एनर्जीचा हिशोब मांडला. तडा वाढला की आजूबाजूच्या मटेरियलमधली ताणाची एनर्जी मोकळी होते, आणि नवीन दोन पृष्ठभाग तयार करायला एनर्जी खर्च होते. खर्च लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि मोकळी होणारी एनर्जी लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे तडा छोटा असेपर्यंत धंदा तोट्यात, तो वाढत नाही, एका ठराविक लांबीच्या पुढे गेला की नफ्यात, मग थांबवायला कोणी नाही. माप गणितात परत आलं. १९२० मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलं आणि १९२१ ला छापून आलं.

धातूऐवजी काच घेतली कारण काच तुटण्याआधी वाकत-बिकत नाही, हिशोब स्वच्छ राहतो. काचेच्या नळ्यांवर आणि फुग्यांवर ठराविक लांबीचे तडे पाडून आतून दाब देऊन फोडले, तुटतानाचा ताण गुणिले तड्याच्या लांबीचं वर्गमूळ हा आकडा जवळपास स्थिर निघाला. पृष्ठभागाची एनर्जी हवी म्हणून वितळलेल्या काचेचं सरफेस टेन्शन मोजलं आणि तिथून खोलीच्या तापमानापर्यंत खाली ओढत आणलं. ह्या पायरीवर पोरं म्हणाली "मॅडम हे जरा ओढूनताणून नाही का". आहे थोडं. पण आकडे जुळले.

१९ जानेवारी

केमिस्ट्री लॅबचे बर्नर मिळाले, त्यांच्या असिस्टंट समोर बसून राहतील ह्या अटीवर. गॉगल सक्तीचे, चप्पल बंद, आणि तुटलेले धागे उचलायला चिकटपट्टी, हाताने नाही.

काचेचा रॉड मध्ये तापवून लाल झाला की ज्वाळेतून बाहेर काढून झटक्यात ओढायचा, धागा निघतो. ग्रिफिथने असेच ओढलेले धागे तोडले. त्याच्या तक्त्यात १.०२ मिलिमीटर जाडीचा धागा साधारण १७२ मेगापास्कलला तुटतो, आणि ०.००३३ मिलिमीटरचा साधारण ३,४०० ला. तीच काच, फक्त बारीक, आणि वीसपट ताकद. साधं स्ट्रक्चरल स्टील चारशेच्या आसपास तुटतं, आता बोला. धागा जेवढा बारीक तेवढी त्यात मोठा तडा मावायची जागाच कमी, हा त्याचा एका ओळीतला अर्थ. आजच्या ग्लास फायबर आणि कार्बन फायबरमागे हाच विचार आहे, बारीक धागे करा आणि कशात तरी एकत्र बांधा.

आम्ही त्या बारीक टोकापर्यंत जाणार नाही, दिसतच नाही तेवढा धागा. केसाएवढे आणि त्याहून जाड असे वेगवेगळे ओढले, छोटी वजनं लटकवली. आकड्यांवर माझा भर नाही कारण जाडी मोजताना मायक्रोमीटरचे जबडेच धाग्याला ओरखडा पाडतात. उलट तेच डेमोला घेतलं : दोन धागे एकाच रॉडचे, एकाला काहीही हात लावायचा नाही, दुसऱ्यावरून बोट फिरवायचं. बोट फिरवलेला आधी जातो, बहुतेक वेळा लगेच. ताजा ओढलेला आणि काही तास हवेत ठेवलेला ह्यातही फरक पडतो, हे त्यानेच नोंदवलंय, ताजा भारी.

प्रेक्षकांसाठी सोपं म्हणून गावातल्या काचवाल्याला पण बोलावलंय. तो कटरने नुसती रेघ मारतो आणि टिचकी देऊन काच बरोब्बर रेघेवर तोडतो. फार्नबरोला जे गणित लागलं ते हा माणूस रोज करतो, लेक्चर मी देणार आणि टाळ्या त्याला पडणार हे उघड आहे.

ह्या संशोधनाचं पुढे काय झालं त्याचा एक किस्सा सांगतात, की एका रात्री सहकाऱ्याकडून काच वितळवायचा गॅस चालू राहिला, आग लागली, आणि वरून आदेश आला की काचेशी खेळणं बंद करा आणि इंजिनांकडे बघा. केमिस्ट्रीच्या असिस्टंटना हा किस्सा सांगायला नको होता, आता दर दहा मिनिटांनी कॉक तपासतायत.

२८ जानेवारी

पाती. ॲक्रिलिकचा बोगदा, मागे कॉम्प्युटरचे मोठे फॅन हवा ओढायला, पुढे हवा सरळ करायला स्ट्रॉचा गठ्ठा. आत विंगचा एक सेक्शन आणि त्यावर दोऱ्याचे तुकडे चिकटवलेले. कोन वाढवत नेला की एका टप्प्यापर्यंत सगळे दोरे शिस्तीत मागे पडलेले असतात आणि मग अचानक वरच्या बाजूचे दोरे उलटे वळून फडफडायला लागतात, हा स्टॉल, म्हणजे हवा पंखाला धरून न राहता सुटते. फॅन छोटे आहेत त्यामुळे लवकरच होतो, इथे तेच सोयीचं आहे.

दुसऱ्या खिडकीत एकामागोमाग पाच पात्यांची रांग, आधी साध्या वाकवलेल्या पत्र्याची आणि कोन जास्त, मग एअरफॉइल आकाराची आणि कोन बेताचा. पहिल्या रांगेत सगळे दोरे नाचतात.

ह्यालाच धरून ग्रिफिथचा १९२६ चा रिपोर्ट. ॲक्सियल कंप्रेसर (हवा आसाच्या दिशेने पात्यांच्या रांगांतून ढकलणारा) नवीन नव्हता, स्टीम टर्बाईनवाल्या पार्सन्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भट्ट्यांना हवा द्यायला असले कंप्रेसर विकले होते, पण ते एवढी ताकद खायचे की त्याने तो नाद सोडला. सगळ्यांनी समजून घेतलं की ॲक्सियल कंप्रेसर वाईटच असतो. ग्रिफिथ म्हणाला की ही पाती म्हणजे स्टॉल झालेल्या विंगा आहेत, विंगचं जे ज्ञान इतक्या वर्षांत बोगद्यांतून मिळालंय ते पात्याला लावा. कंप्रेसरमध्ये हवा कमी दाबाकडून जास्त दाबाकडे ढकलायची असते म्हणून ती पात्यावरून सुटायला टपलेलीच असते, टर्बाईनमध्ये (गरम वायूने फिरणाऱ्या पात्यांच्या चाकात) उलट, दाब उतरत जातो म्हणून तिथे वाईट पातंसुद्धा खपून जातं.

६ फेब्रुवारी

पोरांनी विचारलं की कार्यक्षमता थोडी कमी असली तर बिघडलं कुठे, इंधन जास्त लागेल एवढंच ना. म्हणून फळ्यावर हिशोब केला, तो आता पोस्टर म्हणून लावायचाय.

धरून चाला की आदर्श टर्बाईन १०० देतं आणि आदर्श कंप्रेसरला ५५ लागतात. टर्बाईन कंप्रेसरला फिरवतं, उरेल ते आपलं. दोन्ही ९० टक्के असतील तर टर्बाईन देतं ९०, कंप्रेसर खातो ६१, उरले २९. दोन्ही ७५ टक्के, तर ७५ मधून ७३ गेले, उरले २. दोन्ही ६० टक्के, तर मिळाले ६० आणि लागतात ९२, इंजिन स्वतःलाच फिरवू शकत नाही, इंधन कितीही जाळा. म्हणून १९०३ मध्ये नॉर्वेत एलिंगच्या गॅस टर्बाईनने जास्तीचे ११ हॉर्सपॉवर दिले ही केवढी मोठी बातमी होती ते कळतं. पिस्टन इंजिनात असं नसतं, वाईट पिस्टन इंजिन वाईट का होईना पण चालतं. गॅस टर्बाईन एका रेषेच्या अलीकडे चालतच नाही, आणि ती रेषा पात्यावरून हवा कुठे सुटते ह्यावर ठरते.

तापमान वाढवलं तर टर्बाईनचा आकडा वाढतो हे पण खरंय, पण मग पाती लाल होऊन हळूहळू ताणली जातात. त्यावर उपाय निमोनिक ८० सारखे निकेलचे अलॉय (मिश्रधातू), ते १९४० च्या दशकात आले. ह्यावर एक वेगळं टेबल झालं असतं, वेळ नाही.

१३ फेब्रुवारी

आज फुल्ल वादावादी. एका पोराने व्हिटलवरचे व्हिडिओ बघून आल्यावर विचारलं, "मॅडम आपण व्हिलनचं प्रदर्शन लावतोय का?" म्हणजे १९२९ ची गोष्ट, फ्रँक व्हिटल नावाचा तरुण पायलट जेटची कल्पना घेऊन एअर मिनिस्ट्रीकडे गेला, ती ग्रिफिथकडे आली, ग्रिफिथने हिशोबातली चूक दाखवली आणि हे जमणार नाही असं मत पडलं. व्हिटलने जानेवारी १९३० मध्ये पेटंट टाकलं, १९३५ ला नूतनीकरणाच्या ५ पौंडांसाठी ते गेलं. १२ एप्रिल १९३७ ला त्याचं इंजिन पहिल्यांदा फिरलं आणि १५ मे १९४१ ला क्रॅनवेलवरून विमान उडालं. तोवर जर्मनीत ओहाईनच्या इंजिनावर हाइंकेल १७८ ऑगस्ट १९३९ मध्येच उडून गेलं होतं.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. ग्रिफिथला त्याच फळ्यावरच्या हिशोबाची इतकी सवय होती की व्हिटलच्या साध्या सेंट्रिफ्युगल (हवा बाहेरच्या बाजूला फेकून दाबणाऱ्या) चाकाने ते काम होईल हे त्याला पटलं नाही, तो स्वतः प्रोपेलर फिरवणाऱ्या मल्टीस्टेज ॲक्सियलमध्ये अडकला होता आणि ते त्या वेळी बनवायला फारच किचकट. लवकर उडायचं असेल तर व्हिटल बरोबर होता. पण पुढे मोठ्या इंजिनांनी ॲक्सियलचाच रस्ता धरला. फार्नबरोला हेन कॉन्स्टंटने ते काम पुढे नेलं, मेट्रोविक कंपनीचं एफ.२ हे ॲक्सियल इंजिन नोव्हेंबर १९४३ मध्ये मिटिऑर विमानावर उडालं, आणि १९३९ ला ग्रिफिथ स्वतः रोल्स-रॉइसमध्ये गेला. त्याने मत चुकीचं दिलं आणि त्याचं गणित बरोबर होतं, दोन्ही पोस्टरवर लिहा म्हटलं. पोराचं पूर्ण समाधान झालेलं नाही. त्यालाच ते पोस्टर दिलंय.

२१ फेब्रुवारी

काच आणि साबणाच्या टेबलांच्या मध्ये जागा उरली होती तिथे कॉमेट घेतलं. जानेवारी १९५४ ला इटलीच्या एल्बा बेटाजवळ एक, एप्रिलमध्ये नेपल्सजवळ दुसरं, अशी जगातली पहिली जेट प्रवासी विमानं हवेतच फुटली. तपास परत फार्नबरोलाच. एक आख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून आत पाण्याचा दाब चढवायचा-उतरवायचा, उड्डाणामागून उड्डाण. आधीची खरी उड्डाणं आणि टाकीतली धरून ३,०५७ व्या फेरीला बॉडी फाटली, सुरुवात खिडकीच्या कोपऱ्यापाशी. पाण्याने का, तर हवा भरली असती तर टाकीसकट सगळं स्फोटासारखं गेलं असतं, पाणी दाबलं जात नाही म्हणून फाटतं तिथे फाटून थांबतं आणि तुकडे हातात येतात.

पोरांनी विचारलं एवढं सगळं १९२० लाच माहीत होतं तर मग कसं झालं. गणित काचेचं होतं, धातूत तड्याच्या टोकाशी मटेरियल आधी कायमचं नमतं (परत मूळ आकारात येत नाही) आणि त्यात बरीच एनर्जी खातं, ते हिशोबात घेऊन अमेरिकेत अर्विनने इंजिनियरला वापरता येईल असं रूप १९५० च्या दशकात दिलं. आणि कॉमेटचा तडा एका झटक्यात आलेला नव्हता, दर उड्डाणाला थोडा थोडा सरकत आला, तो फटीगचा (पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू थकण्याचा) वेगळा धडा.

२७ फेब्रुवारी

सगळं मांडून झालं. बबल्स काउंटरच्या वरचा पंखा काढून टाकलाय कारण कोणीतरी बटण दाबणारच. साबणाचं पाणी आजच कालवून ठेवलं. काचवाला दहाला येतो म्हणालाय, त्याला भंगारातल्या खिडकीच्या काचा दिल्यात. बोगद्याचा एक फॅन आवाज करतोय, स्पेअर बॉक्समध्ये आहे. व्हिटलच्या पोस्टरवर पोराने शेवटी स्वतःची एक ओळ घातलीय, "५ पौंड सरकारने भरायला हवे होते". राहू दे, हे माझंही मत आहे.

केमिस्ट्रीच्या असिस्टंटनी बर्नरच्या टेबलासाठी स्वतःहून ड्युटी मागून घेतलीय, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. डबा घेऊन येणार आहेत.